पडायला बंदी

वृद्धाश्रमात प्रत्येकाच्या मनगटाला नवा पट्टा आला. कुणी पडलं की भोंगा वाजायचा. द्वारकाकाकूंचा चातुर्मासाचा नेम देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला साष्टांग नमस्काराचा, त्यामुळे रोज सकाळी भोंगा!

व्यवस्थापक दाभाडेसाहेब खवळले. "काकू, पुन्हा पडलात तर तुमचा बाळकृष्ण कपाटात बंद करीन!"

"अहो, मी पडत नाही, पाया पडते."

"पट्ट्याला दोन्ही सारखंच!"

पुढे संस्थेचे अध्यक्ष आले. त्यांना दाखवायला साहेबांनी स्वतः पट्टा बांधला आणि भक्तिभावाने त्यांच्यापुढे लोटांगणच घातलं. भोंगा कोकलला.

"धावा गं, साहेब पडले!" काकू ओरडल्या.

"अहो, पाया पडतोय मी!"

"पट्ट्याला सारखंच हो! मग आता अध्यक्षांना कपाटात ठेवायचं का?"

अध्यक्षच आधी हसले. बाळकृष्ण देव्हाऱ्यातच राहिला. असा वेळेवर वाजणारा भोंगा देव सगळ्यांना देवो!