झाकणरावांची बैठक

भांडी आणि दाणे मोकळेपणी बोलायचे, त्या काळातली ही गोष्ट.

एका पातेल्यात तांदूळ शिजत होते. पहिल्याच उकळीला त्यांनी जाहीर केलं, "आमच्या डोक्यावर कोणी नको!" आणि झाकण ढकलून दिलं. मग काय, उड्या आणि गाणी! पण थोड्याच वेळात चुलीतली राख उडून आत पडू लागली. वाफ निघून गेली. खालचे दाणे मऊ झाले, वरचे मात्र टणकच राहिले आणि खालच्यांशी भांडू लागले. शेवटी सगळ्यांनीच हाक मारली, "झाकणराव, या बुवा!"

झाकणराव आले आणि घट्ट बसले. "आता राखेचं मी बघतो, वाफेचंही मीच बघतो. तुम्ही गपचूप शिजायचं."

"अहो, थोडी फट ठेवा, जीव गुदमरतोय."

"उलट बोलता?" झाकणराव आणखी दाबून बसले. तेवढ्यात असा फेस उसळला की झाकणराव उडून राखेत पडले, पेज चुलीत सांडली आणि विस्तव फुस्स झाला.

पळी हसत हसत पातेल्याच्या काठावर आडवी झाली. "या झाकणराव, आता माझ्यावर टेकून बसा, म्हणजे फट राहील."

"असं तिरकं? मग माझा मान तो काय राहिला?"

"राख अडते ना? तोच तुमचा मान!"

झाकणराव पळीवर टेकले, चूल पुन्हा पेटली आणि भात मोकळा, मऊ झाला. तेव्हापासून तांदूळ कुठलेही असोत, झाकणरावांना बोलवायच्या आधी विचारतात, "पळी आली का?"