धुक्यातल्या पाहुण्याचा सल्ला

ही गोष्ट फार फार जुनी, डोंगरांना अजून नावं पडली नव्हती तेव्हाची. एका उंच पठारावर एक मेंढपाळ आणि त्याची बायको राहत असत. वर्षातले चार महिने तिथे इतकं दाट धुकं असे की भर दुपारीसुद्धा कुंपणातली मेंढरं घराच्या दारातून दिसत नसत. तरी मेंढपाळ निर्धास्त असे, कारण कुंपणाच्या फाटकात त्याचा म्हातारा कुत्रा बसलेला असे.

कुत्र्याचे दात पार झिजले होते. म्हणून मेंढपाळाची बायको बाजरीच्या पिठात सुक्या मांसाची पूड मळून छोटे गोळे करी, निखाऱ्यावर खरपूस भाजून मडक्यात भरून ठेवी आणि रोज मूठभर गोळे कोमट पाण्यात भिजवून त्याला घाली. कुत्रा मिटक्या मारत खाई आणि मग असा भुंके की लांडगे दरीपलीकडेच थांबत.

एके दिवशी धुक्यातून एक पाहुणा आला. करडं घोंगडं डोक्यावरून ओढलेलं, चेहरा धड दिसेना. कुत्रा त्याच्यावर जीव तोडून भुंकू लागला.

"बघ, किती चिडलाय," पाहुणा मेंढपाळाला मऊ आवाजात म्हणाला. "असलं कोरडं खाऊन पोट तापतं बिचाऱ्याचं. याचे पूर्वज रानात काय खात होते? कच्चं मांस. रोज एक मोठा तुकडा फाटकाबाहेर ठेवत जा. आणि ठेवल्यावर मागे वळून पाहू नकोस. कच्चं खाणाऱ्याला कुणाची नजर सोसत नाही."

पाहुणा गेला, पण त्याचं बोलणं मेंढपाळाच्या मनात घर करून राहिलं. आपण इतकी वर्षं मुक्या जनावरावर अन्याय केला, असं त्याला वाटलं. त्याचा कुत्र्यावर जीव होता, हे काही खोटं नाही. त्याने त्याच दिवशी एक कोकरू कापलं.

"अहो, त्याला चावता येईल का ते? दात कुठे राहिलेत त्याला?" बायकोने विचारलं.

"त्याच्या रक्तातच आहे ते," मेंढपाळ म्हणाला. जणू जन्मभर तो हेच शिकवत आला होता.

रोज सकाळी तो लाकडी वाडग्यात मांस ठेवी आणि मागे न पाहता परते. संध्याकाळी वाडगं चाटूनपुसून लख्ख झालेलं असे. कुत्रा दोन-तीनदा गोळ्यांच्या मडक्यापाशी येऊन बसला, तेव्हा मेंढपाळाने त्याला हसत हाकललं. म्हणाला, जुनी सवय आहे, जाईल हळूहळू.

दर चार दिवसांनी एक कोकरू कमी होत गेलं. कुत्र्याचं भुंकणंही कमी झालं. "पोट निवलं त्याचं," मेंढपाळ म्हणाला. मग भुंकणं थांबलंच. पठारावर अशी शांतता पसरली की बायको स्वतःच्या बांगड्यांच्या आवाजाने दचकू लागली.

एका दुपारी तिच्याने राहवेना. "तुम्ही रोज वाडगं पाहता. त्याच्या पाठीवरून हात कधी फिरवलात?"

मेंढपाळ चिडला, पण उठला. कुत्रा नेहमीच्या जागी फाटकाच्या खांबाला टेकून बसला होता. केस दाट, तोंड दरीकडे. मेंढपाळाने हाक मारली, तरी त्याने मान वळवली नाही. पाठीवर हात ठेवला, तर केसांखाली नुसती हाडं लागली. ती गार पडली होती.

समोर, वाडग्यात तोंड घालून पाहुणा मांस खात होता. त्याने वर पाहिलं आणि मेंढपाळाला दिसलं, की ते घोंगडं नव्हतंच. ते लांडग्याचं कातडं होतं.

"पाहू नकोस म्हटलं होतं ना तुला?" लांडगा त्याच मऊ आवाजात म्हणाला. त्याच्या मागे धुक्यातून एकेक करडं घोंगडं पुढे सरकू लागलं.

मेंढपाळ आणि त्याची बायको दार लावून घरात बसली. संध्याकाळी धुकं विरलं, तेव्हा कुंपणात एकही मेंढरू उरलं नव्हतं. दोघांनी कुत्र्याला फाटकापाशी पुरलं. बायकोने मडक्यात राहिलेले गोळे कोमट पाण्यात भिजवले आणि तिथे नेऊन ठेवले. मेंढपाळ त्या मातीवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिला.

कुणाला काय खाऊ घालायचं, हे खाणाऱ्याकडे पाहून ठरवावं, सल्ला देणाऱ्याचं ऐकून नव्हे.