म्हाळसा ओतारणीची मूर्ती

एका राज्यात चार झऱ्यांचे एक नगर होते. त्या झऱ्यांचे पाणी इतके गोड, की परदेशचे व्यापारी जाताना बुधले भरून नेत. तिथल्या राजाने कालमेघ नावाच्या जादूगाराचा खजिना बळाने लुटून आणला. कालमेघ शाप देऊन गेला, "या सोन्याने जी मूर्ती उभाराल, ती पहिल्या सूर्योदयाला वाळू होईल. तिच्यासोबत नगराचा एक झरा आटेल."

राजाने ऐकले नाही. त्याने स्वतःची मूर्ती उभारली, त्याच्या मुलाने स्वतःची, आणि नातू विक्रांतसेनाने गादीवर येताच स्वतःची. तीन मूर्तींची वाळू झाली, तीन झरे आटले. चौथा करंगळीएवढा उरला. तेव्हापासून बारा वर्षे कावडवाले चार कोसांवरच्या नदीचे पाणी खांद्यावरून आणत आणि नगर जगवत.

त्या नगरात म्हाळसा नावाची ओतारीण होती. घंटा, समया, पातेली ओतून ती पोट भरी. एके दिवशी तिच्या भट्टीजवळच्या उंबरावर तांबट पक्षी येऊन बसला आणि माणसासारखा बोलला.

"म्हाळसे, मरताना कालमेघ माझ्या झाडाखाली बसला होता. तो म्हणाला, जी मूर्ती घराघरातल्या धातूची असेल, सगळ्यांच्या वाटेवर उभी राहील आणि सगळ्यांनी मिळून ठरवलेली असेल, तिच्यापुढे माझा शाप टिकणार नाही."

म्हाळसा तशीच राखेच्या हातांनी दरबारात गेली. विक्रांतसेन राजाने ऐकून घेतले. "काम तुझे," तो म्हणाला. "पण चुकलीस तर चौथा झराही जाईल."

"ठाऊक आहे, महाराज."

ती गाडा घेऊन दारोदार फिरली. कुणी झारा दिला, कुणी पिचलेला तांब्या, एका नव्या नवरीने माहेरचे घंगाळ दिले. राजाने सोन्याचा हंडा पाठवला, तो तिने परत केला. मग राजाने लहानपणी ज्यात दूधभात खाल्ला ती काशाची वाटी दिली.

एकच दार उघडेना. ते यमुनाईचे होते. तिचा नवरा धाकोजी मूर्तिकार. विक्रांतसेनाची मूर्ती त्यानेच घडवली होती, आणि तिची वाळू झाली तेव्हा राजाने त्यालाच दोषी धरून हद्दपार केले. तो परत आला नाही.

"मी काही देणार नाही," यमुनाई आतून म्हणाली. "ज्याने घेतले त्याला पाठव."

राजाला असे कसे सांगावे? पण तिने सांगितले. राजा अनवाणी चालत त्या गल्लीत आला.

"आई, दोष माझा होता. उद्या दवंडी पिटवून सांगेन."

"उद्या नको. आत्ता सांगा. माझ्या दारात."

राजाने सोबत आलेल्या दवंडीवाल्याच्या हातातला डफ घेतला, स्वतः वाजवला आणि भर गल्लीत सांगितले, की धाकोजी निर्दोष होता आणि अन्याय राजाने केला. दार उघडले. यमुनाईने नवऱ्याचा पितळी गडू म्हाळसाच्या गाड्यात ठेवला. तिचे डोळे कोरडे होते, म्हाळसाचे मात्र भरून आले.

मग जागा. राजवाड्यापुढच्या चौकात खालच्या आळीची माणसे कधी फिरकत नसत. सगळ्यांची वाट एकच होती, पूर्व वेशीची. पण तिथे राजाचा हत्तीखाना.

"हत्ती हलवा, महाराज," म्हाळसा म्हणाली.

हत्ती हलले, भिंती पाडल्या.

राहिले रूप. तीन दिवस माळावर नगर जमले. व्यापाऱ्यांना लक्ष्मी हवी होती, सरदारांना घोडेस्वार, पुजाऱ्यांना नंदी. भांडणे हातघाईवर आली. तिसऱ्या दिवशी उन्हाने सगळ्यांचे घसे कोरडे पडले, आणि भिवा कावडवाला व त्याची बायको तान्ही नेहमीसारखी पाणी पाजत गर्दीतून फिरू लागली. सरदार प्याला, पुजारी प्याला, बोलणे आपोआप थांबले. एक म्हातारा सोनार म्हणाला, "अहो, बारा वर्षे आपल्याला कुणी जगवले?"

सगळे त्या दोघांकडे पाहत राहिले. तान्ही लाजून पदराआड झाली. म्हाळसाने तिथेच मातीचा गोळा हाती घेतला.

नऊ दिवस भट्टी पेटली. दहाव्या दिवशी वेशीवर मूर्ती उभी राहिली: खांद्यावर कावड घेतलेला पुरुष, आणि कावड खाली घेण्यासाठी हात पुढे केलेली बाई. चौथऱ्यावर नगरातल्या प्रत्येक घराचे नाव कोरले होते. राजाचे नाव कुंभारवाड्याच्या आणि तेल्यांच्या नावांमध्ये, जसे ओळीत आले तसे.

पहाटे सारे नगर वेशीवर जमले. म्हाळसाने मूर्तीच्या पायावर तळवा टेकवला. सूर्य वर आला. धातू उन्हाने हळूहळू तापला, आणि धातूच राहिला. मग जमिनीतून खळखळ ऐकू आली. आटलेले तिन्ही झरे वाहू लागले, चौथा फुगला, आणि राजाच्या कोठारात कालमेघाचे सोने वाळू होऊन सांडले. राजाने कावडवाल्यांना झऱ्यांचे रखवालदार नेमले, आणि तेव्हापासून त्या नगरात मूर्ती उभारायची तर आधी माळावर सभा भरते.

पुढे एकदा एक परदेशी वाटसरू वेशीत थबकला. तिथे भाजी विकणाऱ्या बाईला त्याने विचारले, "ही मूर्ती कोणत्या राजाने उभारली?"

बाईने मेथीची जुडी खाली ठेवली, पाठ ताठ केली.

"राजाने नाही, बाबा," ती म्हणाली. "आम्ही उभारली."