टेबलाचे पाय

एकदा एक वृद्धा आपल्याच शिष्याच्या कामाच्या टेबलाचे पाय करवतीने कापत होती आणि शिष्य तिच्याशी तावातावाने भांडत होता.

"बाई, सागवानी टेबल आहे. छातीइतकं उंच मुद्दाम करून घेतलंय मी."

"तोच तर रोग," ती म्हणाली आणि दुसऱ्या पायाकडे वळली.

संगणक नुकते आले होते तेव्हाची ही गोष्ट. मुख्य यंत्र एका बंद खोलीत असे आणि त्याला तारेने जोडलेला पडदा काम करणाऱ्याच्या पुढ्यात. काळ्या काचेवर हिरवी अक्षरे उमटत. असे पडदे ही दोघे काम करत त्या कारखान्यात घडत. वृद्धा रेडिओ उघडून उघडून वीज शिकलेली, शिष्य पदवी घेऊन आलेला. पडद्याची पेटी त्याने आखली होती आणि देखणी आखली होती, खोटे कशाला बोला. काच ऐटीत मागे रेललेली. जो येई तो वाखाणून जाई.

भांडण पेटले ते एका व्यापाऱ्यामुळे. त्याच्या औषधांच्या वखारीत हेमलता नावाची मुलगी पडद्यावरचा क्रमांक वाचून माल काढून देई. महिन्यात तीनदा तिने इंग्रजी आठाचा तीन वाचला आणि भलतेच औषध बाहेर गेले. दुकानदारांनी वेळीच ओळखले म्हणून निभावले. व्यापारी तिला घेऊनच कारखान्यात आला होता. "यंत्रात दोष नसेल, तर हिला आजच घरी बसवतो."

शिष्याने टेबलावर पडदा मांडला, आकडे उमटवले आणि उभ्याउभ्या घडाघडा वाचून दाखवले. "यंत्र चोख आहे, शेठ. वाचणारीचं लक्ष नाही."

"मला त्यात दिवा दिसतो," हेमलता म्हणाली.

"मग चष्मा लाव."

हे ऐकले आणि वृद्धेने करवत मागवली.

चारही पाय कापून टेबल कचेरीतल्या टेबलाएवढे झाले. तिने पडदा परत ठेवला, खुर्ची ओढली. "बस."

"मी उभ्यानेच वाचतो ना."

"ती आठ तास बसते. बस म्हणते ना."

तो बसला. छतावरची ट्यूबलाइट काचेत उतरली होती, आकड्यांवरून पांढरी पट्टी गेली होती.

"वाच."

"तीन." त्याने मान वाकडी केली. "नाही. आठ."

मग व्यापारी बसला. त्याने तोच आकडा पाच वाचला. तो उठला आणि म्हणाला, "हेमलता, उद्या नेहमीच्या वेळेला ये."

शिष्य अजून नमला नव्हता. "इतक्या लोकांनी पेटी पाहिली, बाई. एकालाही दिवा कसा दिसला नाही?"

"पाहुणा उभ्याने बघतो. तू उभा काम करतोस. मीही वर्षभर उभ्यानेच बघितली. पहिली चूक माझी. काच तू उभ्या माणसाच्या डोळ्याकडे वळवलीस, म्हणून बसलेल्याच्या वाट्याला छत आलं. ती पुढे झुकव, तिचा चकचकीतपणा घालव."

"पेटी ठोकळ्यासारखी दिसेल. कोणी वळूनसुद्धा बघणार नाही."

वृद्धेने हातावरचा भुसा झटकला आणि म्हणाली, "वाहवा करणारा घटकाभर उभा राहून निघून जातो, तेव्हा पेटी त्याच्यासाठी करू नकोस, दिवसभर जी तिच्यापुढे बसते तिच्यासाठी कर."