म्हैस उठेना, डोह भरेना

देवाशप्पथ, ही गोष्ट खरी आहे. मी स्वतः पाहिली. म्हणजे, मी तिथे नव्हतो. पण पाहिली!

उभा डोंगर. डोंगरात ओढा. ओढ्यात एवढासा डोह. डोहात राहायची चिमी खेकडी.

एकदा काय झालं? डोहातलं पाणीच गेलं! थेंबसुद्धा उरला नाही. चिमीची पाठ लागली वाळायला.

चिमी निघाली वर. तिरकी तिरकी, तुरु तुरु.

वर होता धबधबा. गप्प.

"धबधबेदादा, पड ना! डोह भरेना. मी राहू कुठे?"

"मी कसा पडू? धोंड्यानं पाणी अडवलंय. धोंडा हलेल, तर मी पडेन."

तिरकी तिरकी, तुरु तुरु. वर होता धोंडा.

"धोंडोबा, हल ना! धबधबा पडेना, डोह भरेना. मी राहू कुठे?"

"मी कसा हलू? म्हशीनं मला फटीत दाबलंय. म्हैस उठेल, तर मी हलेन."

तिरकी तिरकी, तुरु तुरु. वर पाण्यात म्हैस. धोंड्याला टेकून मस्त रेललेली.

"म्हशीताई, ऊठ ना! धोंडा हलेना, धबधबा पडेना, डोह भरेना. मी राहू कुठे?"

"ऊंऽऽ! मी नाही उठत, जा! येसूमामी हाक मारेल, तर मी उठेन."

तिरकी तिरकी, तुरु तुरु. काठावर येसूमामी, म्हशीची मालकीण. भाकरी खात होती.

"येसूमामी, हाक मार ना! म्हैस उठेना, धोंडा हलेना, धबधबा पडेना, डोह भरेना. मी राहू कुठे?"

मामी कशीबशी पुटपुटली, "घास अडकलाय गं बाई! आणि या म्हशीनं पाणी केलं गढूळ. नितळ पाणी मिळेल, तर मी हाक मारेन."

आता कुणाकडे जायचं? वर कुणी नव्हतंच!

चिमीनं काठची वाळू पाहिली. लागली उकरायला. खुर खुर! खुर खुर! वाळूत झाला खड्डा. खड्ड्यात झिरपलं पाणी. टिप... टिप... नितळ!

"अगंबाई! झिरा काढलास की! मला मेलीला सुचलंच नाही!"

मामीनं ओंजळ भरली. घट घट घट! घसा मोकळा!

"ए भुरेऽऽ! ऊठ की गं!"

म्हैस उठली. फतक फतक!
धोंडा हलला. गड गड गड!
धबधबा पडला. धबा धबा धबा!
डोह भरला. खळ खळ खळ!

आणि चिमी? ती पाण्यावरूनच घसरली. सुंईऽऽऽ... डुबुक! थेट आपल्या डोहात. पाठ ओली. पाय ओले.

हुश्श!

सगळं खरं हं! एवढंच मी मधे घुसवलं, की धोंडा बोलला. धोंडे कुठे बोलतात?

बाकी सगळे बोलले.