जवारीवाल्याचा निरोप

एकदा एका गावात, जिथे घरोघरी तंबोरे घडत, एक वृद्ध कारागीर राहत असे. लहानथोर सगळे त्याला आबा म्हणत. भोपळा पारखण्यापासून तारा चढवण्यापर्यंत सारी विद्या आबांजवळ होती. पण वय झाले, बोटे थरथरू लागली आणि जवारीचे काम त्यांच्या हातून सुटले. जवारी हा तंबोऱ्याचा प्राण. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानशीने हलकेच घासायचा आणि तारेखाली सुताचा धागा नेमक्या जागी सरकवायचा, म्हणजे छेडलेला सूर ठक्कन न थांबता गुंजत राहतो. आबांच्या कारखान्यात आता हे एकट्या इलाहीला साधत होते.

एका सकाळी इलाही आबांपुढे येऊन उभा राहिला.

"काय रे?"

"आबा, सासुरवाडीच्या गावी एका कारखान्यात मुख्य कारागीर म्हणून बोलावलंय. पौर्णिमा झाली की निघीन म्हणतो."

आबांनी हातातला भोपळा खाली ठेवला. "राहायला घर बघितलंस का तिकडं?" एवढेच त्यांनी विचारले.

त्या गावात एक रीत होती. कोणी काम सोडतो म्हणाला की त्याच दिवशी त्याच्या कानशी काढून घ्यायच्या, त्याची बैठक उलटी घालायची, आणि गिऱ्हाइकाने विचारलेच तर सांगायचे, "हात बरा होता हो, नियत नव्हती." रीत कोणी घातली हे कोणालाच ठाऊक नव्हते, पाळत मात्र सगळे होते. त्यामुळे जाणारा माणूस आधी सांगतच नसे. "आत्या वारली" म्हणून जो जाई तो परत येत नसे, आणि अर्धवट तासलेली दांडी तशीच भिंतीला टेकून राही. त्या गावाएवढ्या आत्या पंचक्रोशीत कुठे वारल्या नसतील.

कुंदा ही आबांची शिष्या. हाताने चलाख, जिभेने त्याहून. कानस धरायला तिला इलाहीनेच शिकवले होते. ती त्याला भाई म्हणे. म्हणूनच तिला राग अधिक आला. दुपारी इलाही जेवायला गेला तेव्हा तिने त्याच्या कानशी उचलल्या आणि बैठक उलटी करून टाकली.

"कुंदे, माझ्या कानशी?" परत आल्यावर इलाहीने विचारले.

"कारखान्याच्या आहेत त्या. मुख्य कारागिराला नवा मालक देईलच की, सोन्याच्या!"

इलाही उलट्या बैठकीपाशी उभाच राहिला. बाकीचे कारागीर माना खाली घालून तासत राहिले. इलाहीकडे कोणी पाहत नव्हते. जो तो तिरक्या नजरेने आबांकडे पाहत होता.

आबा उठले. गुडघ्यांवर हात टेकत खाली वाकले आणि त्यांनी बैठक सुलट केली. कुंदाच्या हातातून कानशी घेऊन जागच्या जागी मांडल्या, आणि पुन्हा आपल्या भोपळ्याशी जाऊन बसले.

एवढ्यावर भागले असते तर कुंदाने गिळलेही असते. पण बाजाराच्या दिवशी एक नामांकित गायिका आपली तंबोऱ्यांची जोडी पाहायला आली. तंबोरे तयार होते, फक्त जवारी लागायची होती. आबा तिला म्हणाले, "बाई, आमचा इलाही पौर्णिमेनंतर दुसऱ्या गावी जातोय. मी घडवला तो, आता माझ्यापेक्षा पुढं गेलाय. तुमची जोडी कुंदा लावेल. पण त्याचाच हात हवा असेल तर ठिकाण सांगतो, तिकडं जा."

बाईंनी कुंदाकडे एकदा नीट पाहिले. "हिनं लावल्यावर येते ऐकायला. मनाला आलं तर नेते. नाहीतर अशीच उचलून त्यांच्याकडे नेईन."

बाईंची गाडी वळणाआड जाते न जाते तोच कुंदा उसळली. "आबा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? कारागीर तर गेलाच, आता गिऱ्हाईकही शालीत गुंडाळून देताय!"

"शाल महाग झालीय."

"चेष्टा नको! मला जवारी येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. बाई माझ्यासमोर जोडी उचलून नेणार, आणि उद्या गाव म्हणणार, आबांच्या कारखान्याचा सूर गेला. मोठी माणसं मोठेपणा करतात आणि निस्तरायचं आम्ही!"

आबांनी तिला समोर बसवले. "बाईंपाशी मी खोटं बोललो असतो, तर आठवड्यात त्यांना खरं कळलं असतं. मग इलाहीही गेला असता आणि माझा शब्दही. दुसरं ऐक. तू बैठक उलटी केलीस तेव्हा तुझं लक्ष इलाहीकडं होतं. माझं बाकीच्यांकडं होतं. जाणारा एकटा जातो, पण त्याला कसं घालवलं हे राहणारे सगळे बघतात. आपल्या वेळी हा म्हातारा असाच वागेल का, हे त्या घटकेला ज्याचं तो ठरवतो. एकदा ठरवलं, की पुढं कितीही गोड बोललं तरी आत पोचत नाही. बरं, तंबोरा लांबच्या गावी धाडताना आपण काय करतो?"

"तारा उतरवतो, सैल करतो."

"काढूनच का टाकत नाही?"

"काढल्या तर घोडी सरकते. लावलेली जवारी जाते."

"आणि ताणलेल्याच ठेवल्या तर?"

"वाटेत फुटतो. कळली उपमा, आबा. पुढं बोला."

आबा हसले. "पुढं काही नाही."

कुंदा हळूच म्हणाली, "तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. त्या दिवशी घास उतरला नाही. भाकरी गाईला घातली. पण राग माझा होता, पोरी. बैठक त्याची होती."

"आणि जवारीचं काय?"

"ज्याला येते तो पौर्णिमेपर्यंत इथंच आहे. तूच त्याच्याशी बोलत नाहीस."

कुंदा उठली. इलाही आपल्या जागी पाठमोरा बसून कानशी तेल लावून पुसत होता. ती त्याच्याशेजारी जाऊन बसली.

"भाई, सोन्याच्या मिळाल्या का?"

"नाही. ह्याच कानशी आबांनी दिल्या न्यायला." इलाहीने वर पाहिले नाही. "तुला न सांगता आधी आबांना सांगितलं, म्हणून रागावलीस ना?"

"हो. आणि जाताय म्हणून. आणि मला जवारी येत नाही म्हणून. सगळं मिळून रागावले."

"मग यातलं एक तरी कमी करू. घोडी घे. डोळे मिट. दाबू नको गं! तूप लावल्यासारखा हात फिरव."

त्या दिवसापासून बाईंची जोडी दोघांमध्ये आडवी पडली. कुंदाने घोडी बिघडवली, नवी घेतली, तीही बिघडवली. इलाही थट्टा करी, ती उलट बोले, आबा दुरून ऐकत. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी इलाहीला निरोप दिला तेव्हा सारा कारखाना वेशीपर्यंत गेला. गावाने ते नवलच पाहिले.

मग बाई आल्या. कुंदाने तार छेडली. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. सूर विरल्यावर म्हणाल्या, "इलाहीचा हात नाही हा."

कुंदा म्हणाली, "नाही. शिकवलंय त्यांनी. हात माझा."

"थोडा करकरीत आहे. तुझ्यासारखाच." बाईंनी तंबोऱ्याची कापडी गवसणी पुढे केली. "राहू दे, मला आवडतो. भर यात."

बाई गेल्यावर दांड्या तासणारा वयस्क कारागीर घसा खाकरत उभा राहिला. "आबा, दिवाळीनंतर माझाही विचार आहे. मुलगा शेजारच्या गावी दुकान काढतोय, त्याला मदत..."

साऱ्या कानशी थांबल्या. आबांनी कुंदाकडे पाहिले. तिची कानशिले तापली होती. जिभेवर आलेले तिने मोठ्या कष्टाने मागे लोटले. मग तिने आपली बैठक ओढून त्याच्यापुढे टाकली.

"बसा काका. तुमच्याशिवाय कुणाला येत नाही असं कोणतं काम आहे, ते आधी सांगा."