बाबल खेकड्याची समुद्रसफर

माणसांना अजून होड्या ठाऊक नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. बाबल खेकड्याने बायकोला सांगितलं, "मी एकटा समुद्र ओलांडणार. नाही जमलं तर दोन्ही नांग्या मोडून तुझ्यापुढे ठेवीन!"

नारळाच्या करवंटीत बसून तो नांग्यांनी वल्हवू लागला. पण वल्हवणारा पडला खेकडा. करवंटी निघाली आडवी, किनाऱ्याकिनाऱ्याने.

"अरे, किनारा अजून शेजारीच आहे," एक मासा ओरडला.

"मला पोचवायला आलाय," बाबल म्हणाला.

शेवटी तो शेजारच्या गावात उतरला. समोर मावशी उभी! "परदेशातसुद्धा आपली माणसं," म्हणत त्याने डोळे पुसले आणि पोटभर जेवून परतला.

बायकोने सगळ्यांदेखत विचारलं, "अहो, सरळच गेलात ना?"

"अगदी नाकासमोर!"

जमलेल्या खेकड्यांनी नांग्या वाजवल्या आणि सगळे आडवे आडवे घरी गेले.